पुढे ढील, अस्तर दुहेरी

८ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी सुखरूप असाल असं मीच धरून चालतो, कारण तुझ्या पत्रांत हवेशिवाय कुणाचीच खबर नसते. इकडे बरं आहे. हिचा खांदा धरला होता, तो सुटला. वरच्या खोलीचं छत गळत होतं, ते मी स्वतः शिडीवर चढून बुजवलं आणि खाली उतरल्यावर या वयात शिडी चढल्याबद्दल हिची बोलणी खाल्ली. पत्र बघून घाबरू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं बोलतो काय? 'कसं आहे?' 'बरं आहे.' 'तिकडे?' 'इकडेही.' मग तू फोन वहिनींकडे देतोस, मी हिच्याकडे देतो. त्या दोघी बोलतात आणि आपण सुटतो.

दुकान चालू आहे. तयार कपड्यांनी शिंप्यांचं वाटोळं केलं म्हणतात, पण तयार कपडा अंगाला बसवून द्यायला शेवटी शिंपीच लागतो. अर्धं काम आता उसवण्याचं आणि आत घेण्याचं. तू डावरा, बाबांची कात्री तुझ्या हातात चालेना, म्हणून मशीनऐवजी शाळेत गेलास आणि कचेरीत साहेब झालास. माझा उजवा हात चालला, म्हणून मी अजून त्याच स्टुलावर आहे. तक्रार नाही, सहज आठवलं.

नवीन सांगायचं म्हणजे हल्ली मी दुपारी दुकान बंद करत नाही. बाबांच्या काळापासून जेवण झालं की शटर पाडायचं आणि ऊन कललं की उघडायचं, हे तुला माहीतच आहे. आता उघडंच ठेवतो. काम साठतं. समोरचा चष्मेवाला रोज दारात उभा राहून टोमणा मारतो, "काय मास्तर, दुपारची झोप उडाली का? की वरून बोलावणं बंद झालं?" मी हसतो. त्याच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

तब्येतीचं म्हणशील तर काही महिन्यांपासून लघवीची कुरकुर आहे. घाई होते, धावत जावं तर काही होत नाही, आणि प्लंबर यायची वाट बघावी तसं उभं राहावं लागतं. हिने मागे लागून डॉक्टरकडे पाठवलं. रक्त तपासलं, त्यातला एक आकडा चढा निघाला. मग त्यांनी बोट घालून तपासलं. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली, कंबरेची, मांडीची, आसनाची, आणि कधी कुणाला लाजू दिलं नाही. त्या दिवशी माझं माप घेतलं गेलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या बोटीकडे बघत राहिलो. प्रोस्टेट म्हणून जी ग्रंथी असते, तिच्या एका बाजूला टणक लागतंय म्हणाले. नंतर स्कॅन झालं, त्यात डाग दिसला. आता सुईने तुकडे काढून तपासायचे आहेत. "कॅन्सरच असेल असं नाही," डॉक्टर म्हणाले. नसेल, असंही म्हणाले नाहीत.

कळवायला हवं म्हणून कळवलं. तसं काळजीचं काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी नाही म्हटलं. वडील छातीच्या दुखण्याने गेले, थोरल्या भावाचं ऑपरेशन झालं होतं पण ते मूतखड्याचं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं सांगत बसले. समजा तपासणीत वाईट निघालं आणि ग्रंथी काढावी लागली, तर नंतर काही काळ लघवीवर ताबा राहत नाही. खोकलं, शिंकलं, वाकलं की गळते. आत कापडाची घडी ठेवावी लागते. पँट पुढून जरा ढिली असलेली बरी, आणि रंग गडद. डॉक्टर बोलत होते आणि दादा, मला त्यांच्या आवाजाच्या जागी तुझा आवाज ऐकू यायला लागला.

तुझ्या त्या मूतखड्यानंतर तू कापड पाठवलंस आणि फोनवर म्हणालास, "पुढे ढील दे. अस्तर दुहेरी कर. गडद आहे, तेच असू दे." मी हसलो. पुढे ढील म्हटलं की शिंपी समजतो पोट सुटलं. सरळ पोट सुटलं म्हणायला माणसं लाजतात, म्हणून असं फिरवून सांगतात. मी कंबर दोन बोटं वाढवली, पुढे पायांमधलं आसन होतं तेवढंच ठेवलं, आणि पार्सलात लिहून पाठवलं की वहिनींच्या हातचं अंगी लागतंय वाटतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणालास, "पुढे ढील," पण जरा हळू. मी पुन्हा कंबरच वाढवली. त्यानंतर तू सांगणंच सोडलंस.

कंबरेत ढगळ आणि पुढे घट्ट, अशा पँटी तू इतकी वर्षं कशा वापरल्यास?

मूतखडा नव्हता ना रे तो, दादा?

आणखी एक विचारायचं होतं, पण ते या पत्रात नको. हिला मी एवढंच सांगितलंय की जळजळ होती, गोळ्या दिल्यात. तू लिहिलंस तर पोस्टमन दुकानातच येतो, पत्र माझ्याच हातात पडेल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
टाचण्या

(तू ठेवलेलं नाव अजून फक्त तूच वापरतोस. तोंडात टाचण्या धरून बोलायची खोडही गेलेली नाही.)


३ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'काळजी घे. डॉक्टर म्हणतील तसं करावं. इकडे थंडी कमी झाली.' मी कार्ड उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून. मागे माझा पत्ता होता.

आधी रागाचं लिहितो, म्हणजे मोकळा होईन. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं की भावाचं ऑपरेशन मूतखड्याचं नसावं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, सख्ख्या भावाला असेल तर धाकट्याने तेव्हापासूनच दरवर्षी रक्त तपासून घ्यायला हवं होतं. इतकंच म्हणाले, भले माणूस आहेत. पण मला हिशेब कळला. तू एक शब्द बोलला असतास तर हा डाग लहान असताना सापडला असता. कदाचित. तुझ्या मूतखड्याने माझी ही वर्षं खाल्ली, दादा. लिहून गेलो, आता खोडत नाही. तुला दोन मुलगे आहेत. त्यांनाही मूतखडाच सांगून ठेवलायस का?

तुकडे काढून झाले. कुशीवर झोपवतात आणि मागून सुई घालतात. दर वेळी टक् असा आवाज येतो, काजं पाडायच्या मशीनसारखा. मी कुठे कुठे भोकं पडली असतील त्याचा विचार करत पडलो होतो. हिला सांगितलं की गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला जातोय. येताना चालताना पाय फाकत होते, तर म्हटलं की सायकलवरून पडलो. सायकल जागेवर होती. तिने नुसतं सायकलकडे पाहिलं. नंतर लघवीतून रक्त आलं. दुसरीकडूनही येईल, घाबरू नका, असं त्यांनी बजावलं होतं. दुसरीकडून यायचा प्रश्नच आला नाही.

आता ते लिहितो. हे वाचताना जवळ कुणी नाही ना, बघ.

आमचं दुपारचं शटर झोपेसाठी पडत नव्हतं. म्हणजे झोपायचो, पण नंतर. मुलगी लहान असताना ती शाळेत असायची तेवढाच वेळ आमचा, एका खोलीत दुसरं कुठे जाणार? मग मुलगी मोठी झाली, लग्न होऊन गेली, आणि सवय तशीच राहिली. दुकानात ही मला 'तुम्ही' म्हणते, गिऱ्हाइकांसमोर तर 'मास्तर'. जिना चढून वर गेलं की 'तू'. इतकी वर्षं झाली, पण ते 'तू' ऐकलं की मी अजून वितळतो. या वयात हे भावाला लिहायची लाज वाटायला हवी. वाटत नाही. मला त्याचा अभिमान होता. मापं देताना पुरुष काय काय बोलून जातात तुला कल्पना नाही. टेप अंगावर असताना माणूस खोटं बोलत नाही. मी सगळं ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, आपलं बरं चाललंय.

तपासणीच्या दिवसापासून जमत नाही. पहिल्यांदा दमलोय म्हणालो. दुसऱ्यांदा ती माझ्या पाठीवर हात ठेवून पडून राहिली. तो हात मला पेलवेना. तिसऱ्या खेपेला मी शटर पाडलंच नाही, आणि तेव्हापासून काम साठतंय. खरं तर काम साठत नाही. दुपारी चिटपाखरू नसतं. मी तीच तीच शिवण काढून पुन्हा घालतो.

अजून रोग ठरलेला नाही. काही कापलेलं नाही. आणि मी आधीच संपलोय. डॉक्टरांना कसंबसं विचारलं तर म्हणाले, भीतीनेही असं होतं, त्यावर औषध आहे. ऑपरेशननंतरचं विचारलं तर म्हणाले, ग्रंथीच्या दोन्ही कडांनी बारीक नसा जातात, त्या वाचल्या तर वर्ष-दीड वर्षात ताकद परत येऊ शकते, नाही वाचल्या तर इतर उपाय आहेत. "शिवाय या वयात..." म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून दिलं. ते पुरं केलं असतं तर मी भांडलो तरी असतो. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. एक म्हातारी बाई वर येत होती, ती मला वाट देऊन, भिंतीला चिकटून गेली.

खरं सांगू का? रिपोर्ट आणायला जाऊच नये असं माझं जवळजवळ ठरलंय. त्यात 'नाही' असं लिहिलं असेल तर माझं आत्ता जे झालंय त्याला कारणच उरत नाही. आणि 'आहे' असं लिहिलं असेल तर ते कापणार. त्यापेक्षा गाठ आहे तिथे असू दे, मिळतील तेवढी वर्षं पुरुष म्हणून काढू, असं वाटतं. मूर्खपणा आहे, मला कळतं. तसा पुरुष तरी आता कुठे शिल्लक आहे? पण माणूस बुडताना काडी धरतो, तशी मी ही काडी धरली आहे.

हिने केस रंगवले. इतकी वर्षं पांढऱ्यांची थट्टा करायची, आणि गेल्या आठवड्यात गुपचूप रंगवून आली. मग स्वतःसाठी एक गाऊन शिवला, गळा नेहमीपेक्षा खाली. घालून दुकानाच्या मागच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, "बरा बसलाय," आणि मशीनवर मान घातली. ती कपडे बदलून आली आणि काजं करायला बसली. ती काय समजते आहे हे मला कळत होतं. तरी मी मशीन थांबवलं नाही.

म्हणून तुला विचारतो. परत येतं का रे? तुझं आलं? नाही आलं तर वहिनींना काय म्हणालास, आणि वहिनी काय म्हणाल्या? तुम्ही अजून एका खोलीत झोपता का? आपल्या घरात असलं कुणी कुणाला विचारलेलं नाही. बाबांनी मला गाठ कशी मारायची ते शिकवलं आणि बाकी सगळं आपलं आपल्यावर सोडलं. पण मला दुसरा कोण आहे? चष्मेवाल्याला विचारू?

लिहवत नसेल तर लिहू नकोस. मी शिवलेल्यांपैकी एक वापरातली पँट पाठव, दुरुस्तीला म्हणून. कपडा उलटा करून पाहिला की माणूस कसा राहतो ते मला कळतं, तेवढी एकच विद्या माझ्याकडे आहे. तू गप्प राहा, पँट बोलेल. तेवढं तरी कर.

तुझा
टाचण्या


२१ फेब्रुवारी

दादा,

पँट पोचली. निळी. सोबत एक ओळ नाही, हवेचीसुद्धा नाही. पण तू पाठवलीस. तुझ्यासाठी ते किती अवघड गेलं असेल हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मागच्या पत्रातल्या रागातला बराचसा परत घेतो. मुलांबद्दलचा घेत नाही. त्यांना सांग.

दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. पँट उलटी करून कापायच्या टेबलावर पसरली. पायाची मोहरी जशीच्या तशी आहे. पूर्वी तुझ्या मोहऱ्या सगळ्यात आधी झिजायच्या, तुला चालायचं वेड. म्हणजे आता बाहेर पडत नाहीस. बूड चकाकतंय, एकाच बाजूला, म्हणजे एका खुर्चीत कलून बसून असतोस. मी वाढवलेली कंबर पट्ट्याखाली चुण्या पडून मेली आहे. माझ्या चुकीच्या चुण्या मी बोटांनी सरळ करत बसलो थोडा वेळ.

मग अस्तर पाहिलं.

मी घातलेलं अस्तर पुढून उसवलंय आणि आत जुन्या टॉवेलचा तुकडा लावलाय. हाताने. निळ्या पँटला तपकिरी दोरा. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक गाठ, सुटायची भीती असली की मारतात तशी. टाका कुठे तांदळाएवढा, कुठे बोटभर. टॉवेल धुऊन धुऊन जाळी झालाय, एका जागी फाटला तर त्याच्यावर दुसरा तुकडा, तोही तसाच. आधी वाटलं वहिनींनी घाईघाईत केलं असेल. पण वहिनींनी भरून दिलेले उशीचे अभ्रे आमच्याकडे आहेत, त्यांची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते मलासुद्धा पटकन कळत नाही. त्यांच्या हातून झोपेतही असा टाका पडायचा नाही.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. लपवायला वेळ होता, मी लपवलं नाही. काज-बटण सगळं तिच्याकडे, टाका तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. कप खाली ठेवला, नखाने एक टाका उचलला आणि म्हणाली, "हे उलट्या अंगाने तिरपे पडलेत. डावऱ्याचं काम आहे." मग तिने तो टॉवेल हाताने चाचपला, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हे भाऊजींनी स्वतः शिवलंय. वहिनी घरात असताना?"

दादा, मला तू दिसलास. न्हाणीघराला आतून कडी लावलेली, तू स्टुलावर बसलेला, पँट मांडीवर, डाव्या हातात सुई. कुणी दार वाजवलं तर 'आलोच' म्हणत घाईने गुंडाळणारा. ज्या माणसाला बाबांनी सुईपासून लांब ठेवलं, त्याने इतक्या वर्षांनी, कुणाला कळू नये म्हणून, स्वतःचं अस्तर स्वतः शिवलं. भाऊ शिंपी असताना. आणि घरात त्या अभ्र्यांवाल्या वहिनी असताना. मी जे प्रश्न विचारले होते त्या सगळ्यांचं उत्तर त्या गाठींत होतं. वहिनींना तू काही म्हणालाच नाहीस. त्याही काही म्हणाल्या नाहीत, कारण त्यांना काही विचारायची जागाच तू ठेवली नाहीस.

मी हिला तुझं सांगायला तोंड उघडलं आणि माझंच बाहेर आलं. रक्त, बोट, स्कॅन, सुई, सायकल, न आणलेला रिपोर्ट, जमत नाही ते, सगळं. गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसून तिने ऐकून घेतलं. मध्येच उठली, जाऊन शटर ओढलं. समोर चष्मेवाला दात काढत उभा होता. तिने त्याच्या तोंडावर ते खाडकन पाडलं.

आणि मग माझ्यावर अशी भडकली की मी मागे सरलो. "मला वाटलं, मी नकोशी झाले. मला वाटलं, म्हातारी दिसते म्हणून याला किळस येते. केस रंगवले मी. या वयात गळा खाली घेतला. आरशात बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, आणि तू मशीन चालवत बसलास?" खाली दुकानात असून 'तू' म्हणाली.

मी वाट बघत होतो की आता ती म्हणेल, त्यात काय एवढं, आपलं वय झालं, जीव वाचला म्हणजे पुरे. बायका असं म्हणतात असं मी ऐकून होतो. तिने तसं म्हटलं नाही. म्हणाली, "गेलं तर मला वाईट वाटेल. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला ते आवडायचं. माझंही होतं ते, तुझ्या एकट्याचं नव्हतं. तू एकट्याने रडून घेतलंस." मग ती रडली. चहावर साय धरली. मी तिच्याजवळ बाकड्यावर जाऊन बसलो आणि खूप वेळाने तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, तेही रागातच.

दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन रिपोर्ट आणला. कॅन्सर आहे. ग्रंथीच्या आतच दिसतोय, बाहेर गेलेला नसावा. ती ग्रंथी काढायचं ठरलं आहे. टणक बाजूच्या नसा जाणार, दुसऱ्या बाजूच्या वाचतील का ते पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. डॉक्टर पुन्हा "या वयात" म्हणाले आणि थांबले, तर हिने विचारलं, "या वयात म्हणजे काय? पुढचं सांगा की." तो भला माणूस कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलेलं ते एकच.

मी सावरलोय असं समजू नकोस. सकाळी डोळे उघडले की आधी तेच आठवतं, मग उरलेलं जग. दुपारी शटर पाडतो, वर जातो, दोघं शेजारी पडून राहतो. काही होत नाही. ती गप्पा मारते, मला अर्ध्या ऐकू येत नाहीत, कारण मी आपल्या देहाचा कानोसा घेत असतो आणि तिथे शुकशुकाट असतो. ऑपरेशननंतर याहून वाईट होणार. ते बरं होईल असं मला वाटत नाही, आणि जे गेलंय त्यासारखं माझ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. मनाची समजूत घालायला गेलो की मन उठून दुसरीकडे जाऊन बसतं. काल ही म्हणाली, "घाबरलायस का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी पण." एवढंच. पण तिथे कडी लावलेली नव्हती, दादा.

आता तुझ्या पँटचं.

ती परत पाठवतोय. आसन उसवून, पुढे हवी होती तेवढी ढील दिली आहे, तू पहिल्यांदा मागितली होतीस तेवढी. कंबर आत घेतली आहे. माझ्या चुकीचं तेवढं मी निस्तरलं. टॉवेल काढून टाकला, त्याच्या जागी मऊ कापडाचं दुहेरी अस्तर मापात कापलं, आणि मशीनखाली घेणार तेवढ्यात हिने माझा हात धरला. "हे तुम्ही शिवायचं नाही," म्हणाली. "मीही शिवायचं नाही. हे त्या घरातलं काम आहे."

मला आधी पटलं नाही. थोरल्या भावाचं अस्तर अर्धवट ठेवून पाठवायचं, बाबा असते तर कात्री फेकून मारली असती. मग त्या गाठी पुन्हा हातात घेतल्या, आणि पटलं. म्हणून अस्तर नुसतं कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलंय. तसंच घातलंस तर दोन पावलांत सुटेल. पक्कं तुझ्या एकट्याच्या हातून व्हायचं नाही, तू किती गाठी मारल्यास तरी.

दोरा पाठवलेला नाही. तपकिरी घेऊ नकोस. निळा वहिनींच्या डब्यात असेल. त्यांच्याकडे माग.

तुझा
टाचण्या